पी ०१७१ म्हणजे ऑक्सिजन सेन्सर नव्हे

जुन्या पेट्रोल गाड्यांबद्दलचा एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: "चेक इंजिनचा दिवा लागला तर घाबरू नका. पी ०१७१ आला तर ऑक्सिजन सेन्सर बदला. पी ०३०० आला तर चारही प्लग आणि कॉइल बदला. दोन्ही एकदम आले तर दोन्ही कामं करा. मग ॲपवरून कोड डिलीट करा. दिवा लुकलुकला तरी गाडी चालते. तसंही हे सगळं ई-२० पेट्रोलमुळे होतंय, त्याला इलाज नाही."

मी कराडला गाड्यांच्या स्कॅनिंगचं काम करतो. पी ०१७१, पी ०३०० हे बिघाडाचे कोड; ते गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, नोंदवतो आणि स्कॅनरवर दिसतात. ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. या मेसेजपायी लोकांचे हजारो रुपये गेलेले डोळ्यांनी बघतोय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"पी ०१७१ आला तर ऑक्सिजन सेन्सर बदला"

या कोडचा अर्थ एवढाच की पेट्रोलच्या मानानं हवा जास्त पडतेय, मिश्रण लीन आहे, आणि ईसीयूनं पेट्रोल वाढवून पाहिलं तरी हिशेब जुळत नाही. ऑक्सिजन सेन्सर फक्त सायलेन्सरच्या पाइपात किती ऑक्सिजन उरला ते सांगतो. सेन्सर स्वतः बिघडला, त्याचा हीटर जळाला, वायर तुटली, तर त्याचे कोड बहुतेक वेळा वेगळे येतात, पी ०१३० पासून पुढचे. ते नसतील तर सेन्सरला हात लावण्याआधी फ्युएल ट्रिम बघा. ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय, तो हा आकडा. साध्या ब्लूटूथ स्कॅनरवरही दिसतो. शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा) आणि लाँग टर्म (ईसीयूनं शिकून ठेवलेला), दोन्हींची बेरीज धरायची. गरम इंजिनवर एकदा आयडलिंगला बघा, एकदा अडीच हजार आरपीएमला, आणि शक्य असेल तर चढावर, शेजारी दुसरं माणूस बसवून.

आयडलिंगला ट्रिम खूप वर आणि रेस दिल्यावर खाली येत असेल तर कुठूनतरी चोरटी हवा शिरतेय. उलट, लोड पडेल तसा ट्रिम चढत असेल तर पेट्रोल कमी पोचतंय: पंप, फिल्टर, इंजेक्टर.

इथे एक गोष्ट यूट्यूबवाले सांगत नाहीत. ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकन गाड्यांचे असतात आणि त्या गाड्या आत येणारी हवा मोजतात, मॅफ सेन्सरनं. आपल्याकडच्या बऱ्याच लहान पेट्रोल गाड्यांत मॅफ नसतोच. तिथे मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजतो आणि ईसीयू त्यावरून हवेचा अंदाज बांधतो. अशा गाडीत मोठा होज पाइप निसटला की दाब वाढतो आणि ईसीयू पेट्रोलही वाढवतो. मग ट्रिम फारसा हलत नाही, आयडलिंगच चढतं. म्हणून "मॅफ क्लीनर मारा" हा सल्ला ऐकण्याआधी आपल्या गाडीत मॅफ आहे का, एवढं तरी विचारा.

गेल्या पावसाळ्यात एका शिक्षकांची २०१३ची सीएनजी गाडी आली. मेसेज वाचून त्यांनी दुसरीकडे सेन्सर बदलून घेतला होता. सेन्सर नवाकोरा, दिवा तसाच. मी सीएनजीवर ट्रिम बघितला: अधिक २-३ टक्के. पेट्रोलवर टाकली: आयडलिंगला अधिक ७, अडीच हजारला १६, आणि गावाबाहेरच्या चढावर २५. सेन्सर तोच, मॅनिफोल्ड तेच. चोरटी हवा असती तर ती सीएनजीवरही दिसली असती. म्हणजे दोष पेट्रोलच्या वाटेवरच. "सर, पेट्रोल किती ठेवता?" "शंभर-दोनशेचं. स्टार्ट होण्यापुरतं." पेट्रोलच्या लाइनला प्रेशर गेज लावला. उभ्या गाडीत प्रेशर ३ बारच्या आसपास, पण रेस दिली की काटा २च्या खाली. पंप बाहेर काढला तर जाळीवर तपकिरी गाळाचा थर, बोटाला साबणासारखा बुळबुळीत. हा पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि तेच पेट्रोल त्याला थंड ठेवतं. सीएनजीवाले टाकी कायम कोरडी ठेवतात, पंप तापतो, तळाचा गाळ ओढतो. पंप बदलल्यावर दोन दिवसांनी ट्रिम अधिक ४. सेन्सरचे पैसे वाया गेले ते गेलेच. त्या माणसाला हा खर्च सहज परवडणारा नव्हता, म्हणून अजून जिवाला लागतं.

"पी ०३०० आला तर चारही प्लग आणि कॉइल बदला"

मिसिंग, म्हणजे सिलिंडर न पेटणं, ईसीयूला कळतं ते क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या) गतीवरून. एखादा सिलिंडर पेटला नाही की क्रँक क्षणभर मंदावतो. पी ०३०० म्हणजे कुठलाही एक सिलिंडर पकडता आला नाही. पी ०३०१ ते पी ०३०४ आले तर शेवटचा आकडा सिलिंडरचा. समजा पी ०३०२ आला, तर दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावा, थोडी चालवा. कोड तीनवर सरकला तर कॉइल गेलीय. नाही सरकला तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. यात खर्च शून्य, वेळ अर्धा-पाऊण तास. फक्त सीएनजीवरच मिसिंग करत असेल तर आधी प्लग-कॉइल बघा, कारण गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं. आणि वर्षानुवर्षं सीएनजीवर चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्हच्या सीट झिजून टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा) गॅप घटतो, व्हॉल्व्ह नीट बसत नाही. असं इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगला थरथरतं. त्यावर चार काय, आठ प्लग बदलले तरी उपयोग नाही.

"दोन्ही एकदम आले तर दोन्ही कामं करा"

हा मुद्दा मला सर्वांत चुकीचा वाटतो. दोन कोड म्हणजे दोन बिघाड असं बऱ्याचदा नसतंच. मिश्रण फार लीन झालं की ठिणगी पडूनही ते पेटत नाही, म्हणजे लीनमुळे मिसिंग. उलटंही होतं. सिलिंडर पेटला नाही तर त्यातला ऑक्सिजन न वापरता तसाच बाहेर पडतो. सेन्सर फक्त ऑक्सिजन ओळखतो, सोबत गेलेलं कच्चं पेट्रोल त्याला दिसत नाही. तो "लीन" म्हणतो आणि ईसीयू आणखी पेट्रोल ओततो. सेन्सरच्या आधी सायलेन्सरचं पॅकिंग फुटलं असेल तरी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि तसंच खोटं लीन दिसतं. तिथे काळा काजळीचा डाग असतो, थंड इंजिनवर टिकटिक ऐकू येते. आधी कोण आलं ते शोधायला फ्रीझ फ्रेम बघा. कोड पडला त्या क्षणाचं आरपीएम, लोड, तापमान आणि ट्रिम त्यात साठवलेलं असतं.

"कोड डिलीट करा"

डिलीट केलं की ही फ्रीझ फ्रेम जाते. बऱ्याच गाड्यांत शिकलेला ट्रिमही शून्यावर येतो. दोन दिवस गाडी बरी वाटते, तिसऱ्या दिवशी दिवा परत. मग माझ्यासारख्यासमोर गाडी येते ती पाटी कोरी करून. आधी स्क्रीनशॉट काढा, मग हवं ते करा.

"दिवा लुकलुकला तरी गाडी चालते"

चालते, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर शुद्ध करणारा भाग, जाळत चालते. स्थिर दिवा म्हणजे सवडीनं दाखवा. लुकलुकणारा दिवा म्हणजे न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतंय, आतली जाळी वितळू शकते. कुंभार्ली घाटात दिवा लुकलुकायला लागला तर ॲक्सिलरेटर सोडा, सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या. चिपळूणला पोचायची घाई करू नका.

"हे सगळं ई-२०मुळे"

यात थोडं खरं आहे, म्हणून हे नीट सांगायला हवं. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ किलो. ई-१०ला (१० टक्के इथेनॉल) साधारण १४.१ आणि ई-२०ला साडेतेरा. म्हणजे ई-१०वरून ई-२०वर आल्यावर ईसीयूला चार-पाच टक्के इंधन वाढवावं लागतं, आणि तेवढं तो मुकाट वाढवतो. पी ०१७१ पडायला साधारण २० ते २५ टक्क्यांची तूट लागते, गाडीगणिक आकडा बदलतो. त्यामुळे ई-२० हे एकटं कारण बहुधा नसतं. मात्र पंप किंवा इंजेक्टरनं आधीच १८ टक्के खाल्ले असतील तर ही चार-पाच टक्क्यांची भर दिवा लावते.

रबराची काळजी मात्र रास्त आहे. काही जुन्या गाड्यांत रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानंही ऑगस्ट २०२५मध्ये मान्य केलं. म्हणून "इलाज नाही" म्हणून गप्प बसू नका. गाडी थंड असताना बोनेट उघडा आणि मॅनिफोल्डला जोडलेला एकेक होज पाइप बोटांनी वाकवून बघा. पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेले पाइप मी किती पाहिलेत. गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून चोरटी हवा शोधू नका, भडका उडतो. वाकवलेल्या पाइपच्या खालच्या अंगाला अंगठा फिरवा, चीर बहुतेक वेळा तिथेच असते, वरून पाइप धडधाकट दिसत असतो.