मारियान व्हॉसची पाच रौप्यपदकं: एका सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

सायकलपटू मारियान व्हॉसवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुम्ही कराडजवळच्या शाळेत खेळ शिकवता. तुमच्याकडे सायकलिंग करणाऱ्या एका मुलीच्या वडिलांनी माझा लेख तुमच्यासमोर धरला आणि तुम्हाला तो पटला नाही. सलग पाच वर्षं जागतिक स्पर्धेत दुसरी आलेल्या नेदरलँड्सच्या बाईला मी डोक्यावर घेतलं, असं तुम्ही म्हणता. ती रोड (रस्त्यावरच्या शर्यती), ट्रॅक (बंदिस्त गोल मार्गावरच्या) आणि सायक्लोक्रॉस (चिखल-अडथळ्यांतल्या) अशी तिन्हीकडे पळत राहिली, एकच धरलं असतं तर त्या पाच रौप्यांचं सोनं झालं असतं, आणि २०१५ मध्ये शरीराने साथ सोडली तीही त्याच हावेपायी, असा तुमचा आक्षेप. शेवटी लिहिलंत, "खाशाबांच्या तालुक्यात पोरांना एकच खेळ धरायला शिकवा, दहा नाद लावू नका."

खाशाबांचं नाव तुम्हीच काढलंत, तर तिथूनच सुरुवात करतो. गोळेश्वरच्या या पैलवानाची सगळी घडण लाल मातीतली. १९४८ला लंडनमध्ये त्यांना मॅटवर लढावं लागलं, तिथे ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्याच मॅटवर त्यांनी कांस्य मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मातीतली चपळाई आणि डाव मॅटवर त्यांच्या कामी आले. माती आणि मॅट हे दोन नाद होते असं आपण कधी म्हणत नाही, कुस्ती एकच होती म्हणतो. सायकलिंगमध्ये रोड आणि ट्रॅकचं नातं तसंच आहे. आणि खाशाबा परत आले तेव्हा शंभरावर बैलगाड्या घेऊन लोक सामोरे गेले. "तिसराच का आलास?" असं त्या मिरवणुकीत कुणी विचारलं नाही.

आता बीजिंग, २००८. रोड रेसमध्ये व्हॉस सहावी आली. आठवड्याभराने तीच बाई वेलोड्रोममध्ये पॉइंट्स रेसला उभी. ही शर्यत आपल्याकडे फारशी कुणी पाहिलेली नाही, म्हणून सांगतो. २५० मीटरचा लाकडी ट्रॅक, वळणावर भिंतीसारखा उभा राहणारा. सायकलला ब्रेक नाही आणि फ्रीव्हील नाही, म्हणजे चाक फिरतंय तोवर पाय थांबवता येत नाहीत. १०० फेऱ्या, २५ किलोमीटर. दर दहा फेऱ्यांनी स्प्रिंट, पहिल्या चौघींना ५, ३, २, १ गुण. आणि जी सगळ्या घोळक्याला मागून गाठेल, म्हणजे पूर्ण एक फेरी पुढे जाईल, तिला एकदम २० गुण. व्हॉस एकटी सुटली, अख्खा घोळका तिने फेरीभराने मागे टाकला आणि सुवर्ण घेतलं. जगातल्या सर्वोत्तम खेळाडू एकमेकींचा वारा अडवत, आळीपाळीने पुढे येत पळत असताना त्यांच्यापासून एकटीने सुटायचं आणि मग मागून पुन्हा त्यांच्यात येऊन मिळायचं, याला नुसती ताकद पुरत नाही. घोळका कधी दमलाय, कोण कुणाकडे बघतंय, कोणत्या सेकंदाला उठायचं, हे ओळखावं लागतं.

चार वर्षांनी लंडनच्या पावसात हेच कामी आलं. १४० किलोमीटरच्या रोड रेसमध्ये ती चौघींच्या गटात सुटली, एकीची ट्यूब गेली आणि उरल्या तिघी. मागचा घोळका फार लांब नव्हता. अशा वेळी तिघींपैकी कुणी काम करायचं, म्हणजे पुढे राहून वारा झेलायचं, टाळलं तर तिघीही पकडल्या जातात, आणि कुणी जास्त काम केलं तर शेवटच्या २०० मीटरला तिच्या पायात काही उरत नाही. व्हॉसने तो हिशेब अचूक केला आणि ब्रिटनच्या लिझी आर्मिटस्टेडला स्प्रिंटमध्ये हरवलं. रोडचं हे ऑलिंपिक सुवर्ण मला तरी ट्रॅकपासून वेगळं काढून दाखवता येत नाही.

तुमचा पहिला मुद्दा मला सगळ्यात जास्त बोचला, म्हणून पाच रौप्यांवर जरा थांबतो. २००७ला स्टुटगार्ट, मग वारेसे, मेंड्रिसिओ, जिलाँग, कोपनहेगन. बास्तियानेली, निकोल कुक, गुदेर्झो आणि दोनदा ब्रोंझिनी, या चौघी जिंकल्या. पाचही वेळा दुसरी मात्र व्हॉसच. कधी कुणी एकटीच निसटली, कधी व्हॉसच पुढे असताना मागून कुणी शेवटच्या क्षणी काढून घेतलं, कधी घोळक्याच्या स्प्रिंटमध्ये थोडक्यात गेलं. कोर्स वेगळे, हवा वेगळी, हरवणाऱ्या वेगळ्या. शंभरावर किलोमीटरच्या शर्यतीत पंक्चर, पडापडी, वारा, दुसऱ्या देशांच्या टीमचे डाव, कशानेही माणूस तिसावा होतो. तरीही पाच वर्षं प्रत्येक वेळी शेवटच्या निर्णायक क्षणाला हजर असणं हे मला कित्येक विजेतेपदांपेक्षा मोठं वाटतं. १९ व्या वर्षी, २००६ला, ती जगज्जेती झालीच होती. २०१२ आणि २०१३ला पुन्हा झाली. मधल्या पाच वर्षांत ती सुवर्णाला मुकली म्हणून ती वर्षं वाया गेली असं आपण शाळेत शिकवायला लागलो तर जिल्हा स्पर्धेत दुसरी आलेली पोरगी पुढच्या वर्षी सायकल काढणारच नाही. तुम्ही हे माझ्याहून जास्त पाहिलं असेल.

रोड आणि ट्रॅक एकत्र चालतात याची साक्ष फक्त व्हॉस देते असंही नाही. तिच्याच देशाच्या लिओन्टिन व्हान मूर्सेलने सिडनीत रोड रेस, टाइम ट्रायल (एकटीने घड्याळाविरुद्धची शर्यत) आणि ट्रॅकवरची परस्यूट (समोरासमोरच्या बाजूंनी सुटून एकमेकींचा पाठलाग) अशी तीन सुवर्णं एकाच ऑलिंपिकमध्ये घेतली. ब्रिटनचा ब्रॅडली विगिन्स ट्रॅकवर घडला आणि २०१२ला टूर द फ्रान्स जिंकला. आणि पॅरिस २०२४ पाहा. ३७ वर्षांची व्हॉस रोड रेसमध्ये पुढे होती, शेवटच्या तीनेक किलोमीटरला अमेरिकेची क्रिस्टन फॉकनर सुटली आणि व्हॉसला रौप्य मिळालं. ही फॉकनर त्या रोड रेसमध्ये दुसऱ्या खेळाडूच्या जागी आयत्या वेळी आली होती. तीन दिवसांनी तिने ट्रॅकवर टीम परस्यूटचंही सुवर्ण घेतलं.

२०१५बद्दल मात्र तुमच्या बोलण्यात तथ्य आहे. स्नायूची दुखापत आणि अतिसरावाचा थकवा यांनी तो जवळपास सगळा हंगाम गेला. पण माझ्या मते दोष खेळांच्या संख्येचा नव्हता, विश्रांतीच्या अभावाचा होता. हिवाळ्यात सायक्लोक्रॉस, वसंतापासून रोड, की पुन्हा हिवाळा, म्हणजे शरीराला रिकामा महिना मिळतच नाही. एकाच खेळात बारा महिने राबवलेलं पोरही असंच मोडतं, आणि आपल्याकडे ते जास्त घडतं. व्हॉस परतली, आणि २०२२ला पहिल्या टूर द फ्रान्स फाममध्ये, म्हणजे बायकांच्या टूर द फ्रान्समध्ये, दोन टप्पे जिंकून तिने आघाडीवरच्या खेळाडूची पिवळी जर्सी घातली. बायकांसाठी अशी शर्यत असावी म्हणून झटलेल्या मोजक्या खेळाडूंपैकी ती एक होती, हेही तिच्या कारकिर्दीत धरायला हवं.

आता आपल्या मुलांविषयी. साताऱ्याच्या पोरांना चढण शिकवावी लागत नाही, यवतेश्वर आणि पसरणी ती शिकवतात. कमी पडतं ते घोळक्यात चालवणं. कोरेगाव रस्त्याला सकाळी आमचा ग्रुप जातो तेव्हा हे डोळ्यांनी दिसतं. घाटात सगळ्यांच्या पुढे जाणारी मुलगी सपाटीवर पुढच्याच्या चाकापासून दोन सायकलींचं अंतर सोडते. बोटं कायम ब्रेकवर, पुढचा जरा हलला की लिव्हर दाबते, वेग तुटतो, मग उठून पुन्हा अंतर भरून काढते. वीस किलोमीटरमध्ये ती चढणीपेक्षा जास्त दमते, कारण सगळा वारा तिच्या छातीवर येतो. रहदारीच्या रस्त्यावर ती भीती रास्तच आहे आणि मी तिला जवळ जा असं सांगणार नाही. ट्रॅकवर ट्रक नाही, खड्डा नाही, आणि कुणालाच ब्रेक नसल्याने पुढचा अचानक थांबतही नाही. चाकाला चाक लावायची सवय तिथे बिनधोक लागते.

पालकांच्या खिशाची तुम्हाला काळजी आहे, ती मलाही आहे. रेसिंगची कार्बन सायकल लाखाच्या पुढे जाते आणि शेतीवर चालणाऱ्या घरात ते कर्ज काढूनच होतं. म्हणून त्या मुलीच्या वडिलांना माझं सांगणं एवढंच: आत्ता आहे त्या सायकलवर चालू द्या, नवीन घेण्याआधी तिला पुण्याला बालेवाडीच्या वेलोड्रोमवर एकदा न्या आणि तिथल्या प्रशिक्षकांना तिचं पेडलिंग बघू द्या. वर्षाचं वेळापत्रक तुम्ही आखा, त्यात एक पूर्ण महिना सायकल बंद ठेवा. बालेवाडीला जायचं ठरलं तर मीही सोबत येईन. सहामाही परीक्षा संपल्यावरचा रविवार तुम्हाला जमेल का तेवढं कळवा.