दहा सेकंदांचा श्रोता

तुमचं लाडकं एफएम स्टेशन बदललं, हे एव्हाना तुमच्या कानावर आलं असेल. आलं नसेल तर तुम्ही ते ऐकत नाही, आणि ऐकत नसाल तर त्याच्यावर मत द्यायला तुमच्याइतका लायक माणूस शोधून सापडायचा नाही. आमच्या संभाजीनगरात औरंगपुऱ्यापासून टी.व्ही. सेंटरपर्यंतच्या टपऱ्यांवर या बदलाबद्दल कपबश्या आपटून बोलणारे पुष्कळ भेटले. त्यातल्या एकाला सहज विचारलं, शेवटचं कधी ऐकलं होतं? "मागच्या पाडव्याला," तो म्हणाला, "गाडी नवी होती, ब्लूटूथ जोडता येत नव्हतं."

तेव्हा संकोच सोडा. फक्त मत देण्याची एक रीत असते, तेवढी समजून घ्या.

पहिलं म्हणजे, सकाळच्या कार्यक्रमातली ती मुलगी कुठं गेली, हे विचारायचं नाही. रेडिओत कुणी जात नसतं. शुक्रवारी ती "चला, भेटू सोमवारी" म्हणाली आणि सोमवारी एक मुलगा भेटला, जणू जन्मल्यापासून तो त्याच खुर्चीत बसलेला आहे अशा थाटात. निरोप समारंभ, शाल, श्रीफळ, डोळ्यांत पाणी, हे सगळं शाळेतल्या गुरुजींसाठी. इथं निरोप घेऊ दिला तर चार श्रोते तिच्या मागोमाग निघून जातील, अशी धास्ती असते. तुम्ही इतकी वर्षं तिच्या आवाजावर पोरांचे डबे भरले, "आता तिनं वेळ सांगितली, निघा रे" म्हणून घर हलवलं, तो तुमचा घरगुती मामला. त्याची नोंद कुठल्याही रजिस्टरात नाही.

नवा मुलगा वाईट नाही हो. गोड आहे. पुण्यात बसतो की मुंबईत, ते कळत नाही, पण इथं बसत नाही एवढं नक्की. वाळूजला तो 'वाळुंज' म्हणतो. पुण्याकडं तसं आडनाव असतं, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. चिकलठाण्यात तो न चुकता चिखल कालवतो. आणि त्याचा उत्साह! सकाळी सात वाजता माणूस इतका आनंदात असू शकतो, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आमच्याकडं सातला लोक नळाची तोटी उघडून आत डोकावत असतात.

जूनमधली गोष्ट. मृग कोरडा गेलेला, आभाळ पत्र्यासारखं तापलेलं. आणि हा म्हणतो, "बाहेर काय भन्नाट पाऊस लागलाय ना! खिडकीत बसा, हातात वाफाळता चहा, बाजूला कांदाभजी, आणि ऐका हे गाणं!" आमच्या गल्लीत त्या वेळी टँकरची वाट बघत ड्रमांची रांग लागली होती. रांगेतल्या एका मावशीनं आभाळाकडं बघितलं, मग रेडिओकडं बघितलं, आणि मराठवाड्याच्या माणसाला शोभेल असं फक्त "हौ" म्हणाली.

अशा वेळी चिडायचं नाही. खिडकीत जाऊन बसायचं. पाऊस दिसला नाही तर ती खिडकी चुकीच्या जिल्ह्यात आहे. खासगी एफएमच्या तिसऱ्या टप्प्याचं धोरण २०११ साली आलं, त्यात एका कंपनीला आपल्या सगळ्या स्टेशनांवर एकच कार्यक्रम वाजवायची मुभा मिळाली. एका खोलीत एक मुलगा बोलतो आणि दहा गावं ऐकतात. हिशेब सरळ आहे. वीज लांबून तारेनं येते, पाणी जायकवाडीहून पाइपानं येतं, मग आनंदच तेवढा गावात का बनवायचा? तोही वरून सोडावा. शिवाय पाण्याचं तुम्हाला माहीतच आहे, आठवडा-आठवडा तोंड दाखवत नाही. आनंद रोज येतो, भरपूर दाबानं येतो, आणि वरच्या मजल्यावरही चढतो.

आता गाण्यांकडं वळू. तेच ते गाणं दर दोन-तीन तासांनी लागतं, ही तक्रार सर्वांत मोठी. ज्या रिक्षात बसून मी ही तक्रार ऐकली ते मामू म्हणाले, "अरे भाई, क्या बताऊं, शहागंज से बैठो तो वोच गाना, सिडको उतरो तो भी वोच गाना." मामूंचा गैरसमज आहे. गाणं कधी लावायचं ते माणसानं घालून दिलेल्या नियमांवर संगणक ठरवतो, आणि संगणकानं गृहीत धरलेलं असतं की श्रोता पंधरा-वीस मिनिटं ऐकेल आणि कामाला लागेल. त्या वीस मिनिटांत एखादं तरी गाजलेलं गाणं त्याच्या कानावरून गेलंच पाहिजे. दिवसभर रेडिओ चालू ठेवणारे लोक, म्हणजे रिक्षावाले मामू, कापड दुकानातली पोरं, रात्रपाळीचे वॉचमन, इस्त्रीवाले, हे या गणितात बसतच नाहीत. जो सर्वांत जास्त ऐकतो त्याचीच चूक सर्वांत मोठी. मामूंना मी म्हटलं, वीस मिनिटांनी बंद करत जा. ते म्हणाले, "फिर मीटर कौन सुनेगा, तू?"

रात्री तासभर गझला लागायच्या, त्या गेल्या. ज्या गावात वली आणि सिराज यांनी शेर लिहिले तिथं रात्री दहाला गझल वाजणं म्हणजे काही उपकार नव्हते, पण बरं वाटायचं. आता त्या वेळेला प्रेमभंग झालेल्यांना सल्ला देतात. परवा एका मुलानं फोन करून सांगितलं की ती बोलत नाही. सल्लागार म्हणाला, "स्वतःवर प्रेम कर, यार." सिराजना हे सुचलं असतं तर केवढा कागद वाचला असता.

जुन्या गाण्यांबद्दल मत देताना मात्र जरा सांभाळून. आमच्या कॉलनीतले निवृत्त तलाठीकाका म्हणतात, १९७० नंतर गाणं झालंच नाही. त्यांच्या सूनबाईंचं गाणं १९९० ला सुरू होतं. नातवाच्या मते रेडिओवर गाणीच नकोत. देशपांडे सरांना मराठी गाणी हवीत, पण लागली की ते म्हणतात, ही नाही, ती जुनी. असे चार जण एकत्र येऊन "श्रोत्यांना काय हवं ते द्या" अशी मागणी करतात, तेव्हा स्टेशनवाल्यांची मला खरंच दया येते. (ही दया उपरोधिक नाही. लेखात एवढी एकच आहे.)

तुमचं मत लाखमोलाचं आहे असं स्टेशन दर तासाला सांगतं आणि त्यासाठी व्हॉट्सॅप नंबरही देतं. मी त्यावर चांगलं चार परिच्छेदांचं पत्र लिहिलं. शुद्धलेखन तपासलं. सकाळच्या मुलीबद्दल, पावसाबद्दल, वाळूजच्या अनुस्वाराबद्दल, सगळं. दोन मिनिटांत उत्तर आलं: "वॉव! तुम्ही आजचे लकी विनर!" साडीच्या दुकानात दहा टक्के सूट मिळाली. बायको म्हणाली, अजून तक्रारी लिहा.

मग खरं मत मोजतात कुठं? तेही सांगतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. श्रोत्यांनी काय ऐकलं ते डायरीत लिहून घेऊन मोजायची पद्धत आपल्याकडं २००७ च्या सुमारास आली, ती मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि बंगळूरु या ४ शहरांत. यादी परत वाचा. पैठण नाही, परभणी नाही, लातूर पॅटर्न जगाला शिकवणारं लातूरही नाही. "बनी तो बनी, नहीं तो परभणी" ही म्हण कुणी केली माहीत नाही, पण बहुधा तो जाहिरातींचं बजेट वाटणारा असावा. सरकार स्टेशनकडून वर्षाच्या उत्पन्नाच्या ४ टक्क्यांच्या हिशेबानं फी घेतं, म्हणजे रुपये कुणीतरी नक्की मोजतं. कानांचं तसं बंधन नाही. तुम्ही ऐकलंत काय, न ऐकलंत काय, वहीत तुम्ही गैरहजरच.

एक जुना वाईट प्रसंग आठवतो, तो तुमच्या कानावर घालतो, पण कृपा करून अनुकरण करू नका. १९५२ साली नभोवाणीमंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांना सिनेमाची गाणी हलकी वाटत. आपलाच मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा भोक्ता. आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार झालं. श्रोत्यांनी काय करावं? निवेदनं द्यावीत, शिष्टमंडळ न्यावं, हुतात्मा व्हावं. त्यातलं काही फारसं झालं नाही. लोकांनी बटण फिरवलं आणि शॉर्टवेव्हच्या खरखरीतून रेडिओ सिलोन लावलं. देशच्या देश समुद्रापलीकडं जाऊन बसला. तिथं अमीन सयानी होते. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली आणि गाणी घरी परत आली. आता सांगा, असं वागणं शोभतं का? वाद नाही, संवाद नाही, सरळ बटण! तुम्ही सुसंस्कृत आहात. तुम्ही नाराज राहून तेच स्टेशन ऐका.

बदलांबद्दल आणखी एक तक्रार अशी की "आता स्टेशनवर आपलं गाव राहिलंच नाही." हे मात्र साफ खोटं आहे. गाव आहे, तुम्ही चुकीच्या जागी शोधताय. गाणी लागली की लोक ऐकतात आणि जाहिरात लागली की आवाज कमी करतात. उलटं करा. गाण्याला चहा करून घ्या आणि जाहिरात लागली की सगळ्यांना गप्प बसवा. निवेदक पुण्याचा, गाणं मुंबईचं, विनोद कुठला ते विनोदालाही ठाऊक नाही, पण जाहिरात? जाहिरात अस्सल इथली. समृद्धी महामार्गापासून अवघ्या पाच मिनिटांवर एनए प्लॉट (ती पाच मिनिटं बहुतेक घारीनं मोजलेली असतात). जालन्याचं कपाशीचं बियाणं. नीटच्या क्लासचे निकाल. गुडघ्याचं ऑपरेशन. शहागंजातली लग्नाची शेरवानी. बदनापूर, फुलंब्री, गंगापूर ही नावं त्या स्टेशनवर आता फक्त जाहिरातीत ऐकू येतात, आणि बरोबर ऐकू येतात.

असंच एकदा मन लावून ऐकत होतो. स्टीलच्या भांड्यांच्या दुकानाची जाहिरात. सासू कुरकुरते, सून म्हणते, "आई, भांडी घ्यायची तर गुलमंडीवरच." मी चहाचा कप खाली ठेवला. ती सून म्हणजे आमची सकाळची मुलगी होती! गुलमंडी म्हणताना 'मं'वर किंचित थांबायची तिची सवय, ती कशी लपणार? मग लक्ष देऊन ऐकू लागलो. दातांच्या दवाखान्यातली पेशंट तीच. क्लासवाल्यांची आनंदाश्रू ढाळणारी आई तीच. प्लॉटच्या जाहिरातीत "अहो, आपलं स्वतःचं घर!" म्हणणारीही तीच, आणि तिथले 'अहो' म्हणजे पूर्वी आमच्याकडं रात्री गझला लावणारे. दोघंही आहेत म्हणायची. तुकड्यातुकड्यांत, पण आहेत.

तर सांगायचं असं की, तुम्हाला हवा तो आवाज, हवं ते गाव, हवा तो उच्चार, हे सगळं स्टेशनवर आजही मिळतं. विकत. जाहिरातीचा भाव दहा सेकंदांचा असतो. पूर्वी पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावर अख्ख्या खानदानाची नावं निवेदकाकडून वाचून घेणाऱ्या पिढीला हे जड जाईल, पण तेव्हा ती फर्माईश होती, आता ग्राहकसेवा आहे.

सिडको एन-सातमधल्या आमच्या कॉलनीनं हा मार्ग पत्करला. गणपतीची वर्गणी थोडी शिल्लक होती. नियम मी वाचून ठेवले होते: खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी, पण पाणी, वीज, हवामान, वाहतूक, परीक्षा यांच्या सूचना देता येतात. त्या फुकट देता येतात हेही खरं, पण पुण्यात बसून आमच्या नळाचं कसं कळणार? म्हणून ठरलं की दहा सेकंद विकत घ्यायचे आणि त्या मुलीच्या आवाजात एकच वाक्य लावायचं, "आज एन-सातला पाणी येणार आहे." बायका तर म्हणाल्या, सासू-सून पण ठेवा, ऐकायला बरं वाटतं.

मी मार्केटिंगवाल्यांना फोन लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच स्टेशननं माझं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"प्रॉडक्ट काय आहे सर?"

"पाणी."

"मिनरल?"

"नळाचं."

तिकडं थोडी शांतता. मग कळफलकाचा टकटक आवाज.

"चालेल सर. कॅटेगरी 'इतर' टाकतो. आवाज आमच्याच मॅडम देतील. सासू-सूनचे वेगळे चार्जेस नाहीत. फक्त स्पॉट एक दिवस आधी बुक करावा लागतो. कोणत्या तारखेला लावायचा?"

मी फोनवर हात ठेवून अंगणात जमलेल्या मंडळींना विचारलं. तलाठीकाकांनी देशपांडे सरांकडं बघितलं, सरांनी नळाकडं.