अडुसष्टवाला बसला, सहासष्टवाला धावला

हे लिहू की नको, असं गेले दोन आठवडे चाललंय. विषय आमच्या धाकट्याचा आहे आणि 'आई, फेसबुकवर माझ्याबद्दल काही टाकायचं नाही' हा आमच्या घरातला जुना करार आहे. परवानगी मागितली. 'मराठीत लिही, म्हणजे माझे मित्र वाचणार नाहीत,' या अटीवर मिळाली.

टेक्सासमध्ये मुलं शाळेत असणाऱ्यांना 'नो पास, नो प्ले' सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. इथल्या पब्लिक, म्हणजे सरकारी, शाळेतून खेळायचं असेल तर ग्रेडिंग पीरियड, म्हणजे मार्क देण्याचा काही आठवड्यांचा टप्पा, संपताना प्रत्येक विषयात १०० पैकी ७० लागतात. सरासरी नाही, प्रत्येक विषयात. सहा विषयांत नव्वदच्या पुढे आणि सातव्यात ६९ असले तरी तीन आठवडे सामने बंद. मार्क आल्यावर सात दिवसांची सवड मिळते, मग दार लागतं. तीन आठवड्यांनी पुन्हा मार्क बघतात. सगळीकडे सत्तर दिसले की आणखी सात दिवसांनी दार उघडतं. आणि हे फक्त खेळापुरतं नाही. बँडच्या, नाटकाच्या, वादविवादाच्या स्पर्धांनाही हेच लागू. ट्यूबा वाजवणारी मुलगी केमिस्ट्रीत अडकली तर तीही घरी.

आपल्या मराठी लोकांना हा नियम फार आवडतो. मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत मी किती वेळा ऐकलंय, 'बघा, अमेरिकेतसुद्धा आधी अभ्यास!' खोटं कशाला बोलू, सर्वांत मोठ्या आवाजात मीच बोलायचे.

मग हा मार्च आला.

आमचा धाकटा चार बाय चारशेच्या रिलेत तिसरा धावतो. चौथा, म्हणजे शेवटचा आणि सर्वांत वेगवान, हा त्याचा मित्र. त्याचं नाव लिहीत नाही. त्याचे वडील छपरं बसवण्याचं काम करतात, शनिवार-रविवार हाही त्यांच्याबरोबर छपरावर असतो. कधी आमच्याकडे आला तर पोळीत बटाट्याची भाजी गुंडाळून तीन-तीन खातो आणि दर वेळी ताट उचलून सिंकमध्ये ठेवतो. आमचा ठेवत नाही. असो.

स्प्रिंग ब्रेकच्या आसपास मार्क लागले. मित्राला अल्जिब्रा टूमध्ये ६८. बाकी सगळ्यात ऐंशीच्या आसपास. आमच्या चिरंजीवांना फिजिक्समध्ये ६६. मी डोक्याला हात लावला, दोघंही गेले म्हटलं. पण आमचे चिरंजीव निवांत. 'आई, माझं एपी आहे. एपी एक्झेम्प्ट असतं.'

एपी म्हणजे शाळेतच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा विषय, आणि एक्झेम्प्ट म्हणजे नियमातून सूट. मला वाटलं थापा मारतोय. शाळेत फोन केला. खरं निघालं. टेक्सासच्या कायद्यातच लिहिलंय की एपी, आयबी आणि काही ऑनर्स व ड्युअल क्रेडिट अशा वरच्या पातळीच्या विषयांत नापास झालं तरी खेळायची बंदी नाही. काही डिस्ट्रिक्टनी, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांनी, यावर आपली अट घातलीय, साठच्या खाली गेलात तर सूट नाही वगैरे. पण ६६ तर साठच्या वरच.

म्हणजे अडुसष्टवाला बसला आणि सहासष्टवाला धावला.

या सुटीमागचं कारण मला कळतं, आणि ते मूर्खपणाचं नाही. सूट नसती तर खेळणारी मुलं अवघड विषय घेणंच टाळतील, सोपे विषय घेऊन सत्तर राखतील. पण घरोघरी जाऊन बघा, एपी फिजिक्सला कोण बसतं आणि साध्या अल्जिब्राला कोण. आमच्याकडे नवरा इंजिनिअर, शिवाय रविवारी ऑनलाइन ट्यूटर. त्याच्या मित्राच्या घरात इंग्रजीतलं पत्र तोच वाचून दाखवतो. ज्याच्या डोक्यावर आधीच छत्री आहे त्यालाच कायद्याने रेनकोट दिलाय.

हा नियम आला कुठून, तेही वाचून काढलं, कारण राग आला की मी वाचत बसते. १९८४ साली गव्हर्नर मार्क व्हाइट यांच्या काळात 'हाउस बिल ७२' आलं. त्याआधी एक समिती नेमली होती, तिचे प्रमुख डॅलसचे उद्योगपती रॉस पेरो, तेच पुढे १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिलेले. पेरो यांचं म्हणणं, टेक्सासच्या शाळा फुटबॉलसाठी चालतात, शिकवण्यासाठी नाही. ते पुष्कळ अंशी खरंच होतं. तेव्हाची बंदी तीन नाही, सहा आठवड्यांची होती आणि सरावही बंद. पोरगं पूर्ण संघापासून तुटायचं. प्रकरण टेक्सासच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १९८५ मध्ये कोर्टाने सांगितलं की शाळेच्या संघातून खेळणं हा काही मूलभूत हक्क नाही. नियम राहिला. गव्हर्नर मात्र १९८६ ची निवडणूक हरले. शिक्षकांनाच द्यायला लावलेल्या नव्या परीक्षेमुळे शिक्षक चिडलेले, या नियमामुळे कोच चिडलेले. १९९५ मध्ये बंदी तीन आठवड्यांवर आली आणि सरावाची मुभा मिळाली.

त्या मुभेचा अर्थ मला या वर्षी कळला. मित्र रोज सरावाला येत होता. रोज धावत होता, आमच्यापेक्षा जोरात. फक्त मीटच्या, म्हणजे स्पर्धेच्या, दिवशी त्याला जर्सी नाही.

डॅलसच्या कार्टर हायस्कूलची गोष्ट इथल्या जुन्या लोकांना अजून पाठ आहे. १९८८ चा त्यांचा फुटबॉल संघ म्हणजे दणकाच होता. पण एका खेळाडूच्या अल्जिब्राच्या मार्कांवरून वाद पेटला. (पुन्हा अल्जिब्रा! या विषयाने टेक्सासचं काय वाकडं केलंय कळत नाही.) शिक्षक म्हणतात नापास, मुख्याध्यापकांनी मार्क बदलले. तक्रारी, सुनावण्या, कोर्टाचे स्थगिती आदेश, आणि हे सगळं चालू असताना संघ दर आठवड्याला मैदानात. शेवटी ते राज्यात पहिले आले. आणि पुढे १९९१ मध्ये ते विजेतेपद काढून घेतलं आणि अंतिम सामन्यात हरलेल्या कन्व्हर्स जडसन शाळेला दिलं. एका पोराच्या एका विषयातल्या एका सहामाहीच्याही नव्हे, काही आठवड्यांच्या मार्कांवर अख्ख्या शाळेचा चषक. मार्क आणि खेळ एका दोरीला बांधले की कोणीतरी ती दोरी ओढणारच.

हे वाचून 'बघा, अमेरिकेत काय चालतं' म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. आपल्याकडे दोरी उलटी बांधलीय, एवढंच. महाराष्ट्रात खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, जास्तीत जास्त २५. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. हेतू चांगलाच. पण त्यातून ट्रॅम्पोलिनची बोगस प्रमाणपत्रं निघाली, हे सगळ्यांनी पेपरात वाचलंय. आयुष्यात ट्रॅम्पोलिनवर पाय न ठेवलेली माणसं कागदावर उड्या मारत नोकरीत शिरली.

आणि नो पास नो प्ले आपल्याकडे नाही असं कोण म्हणतं? कायद्यात नाही, घरात आहे. मी सातारा जिल्ह्यातली, नववीपर्यंत खो-खो खेळले. धावणारी होते, पाठलागाला नाही. पहिल्या तुकडीत आत जायचे आणि खांबाशी चकवायला मला फार आवडायचं. नववीची परीक्षा संपली आणि माझे कॅनव्हासचे बूट माळ्यावर गेले. बाबा काही रागावले वगैरे नाहीत. नुसतं म्हणाले, 'आता दहावी.' मला कुठल्याच विषयात सत्तरच्या खाली नव्हते हो! पास असूनही नो प्ले. शाळेत पीटीचा तास गणिताच्या सरांनी कधीच नेला होता. दहावीला ८४ टक्के पडले, पेढे वाटले. बूट नंतर मिळाले तेव्हा उंदरांनी कुरतडलेले होते.

म्हणून मी नियम काढून टाका म्हणत नाही. इथे निदान सत्तर मिळवले की खेळू देतात, दहावी आहे म्हणून बूट माळ्यावर टाकत नाहीत. माझं भांडण वेगळं आहे. नियमात शिक्षा लिहिलीय, मदत लिहिलेली नाही.

मंडळात हा विषय निघाला की कोणीतरी कोच केन कार्टर यांचं नाव काढतंच. कॅलिफोर्नियातलं रिचमंड हायस्कूल, १९९९. संघ एकही सामना न हरलेला, तरी अभ्यासाचा करार पाळला नाही म्हणून कोचने जिमलाच कुलूप ठोकलं. सगळे कुलपाबद्दल बोलतात. पण ते कुलूप सगळ्या संघाला होतं, ज्यांचे मार्क पुरेसे होते त्यांनाही. एकट्याला कुंपणाबाहेर काढलं नाही. हा माणूस शिक्षा करतानाही संघ फोडत नाही, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं नव्हतं.

आणि त्याच कॅलिफोर्नियात राज्याचा नियम काय? सरासरी २.०, म्हणजे साधारण 'सी'. शिवाय कमी पडलेल्याला डिस्ट्रिक्टने वाटल्यास एक सत्र संधी देता येते. आमच्या पोराचा मित्र तिथे असता तर ऐंशीच्या सरासरीवर हसत धावला असता. मधली दोन राज्यं ओलांडली की तोच मुलगा, तेच मार्क, आणि तो पात्र.

आता मदतीचं सांगते. शाळेत अल्जिब्राचं ट्यूटोरियल आहे. फुकट आहे, शिकवणारी बाई उत्तम आहे. वेळ सकाळी सात. आणि शाळेची बस येते आठला. संध्याकाळचंही आहे, पण तेव्हा सराव असतो. ज्याला आई-वडील गाडीतून सोडतात तो सातला पोचतो. ज्याचे वडील पाचलाच ट्रक घेऊन निघालेत तो पोचत नाही. मग त्याला ६८ पडतात आणि आपण रांगेत उभे राहून म्हणतो, आधी अभ्यास.

मी स्कूल बोर्डाच्या बैठकीत तीन मिनिटं बोलून आले. सकाळच्या ट्यूटोरियलला एक बस सोडा, आणि जो मुलगा तीन आठवडे तिथे रोज हजर राहील त्याला निदान पुढच्या वेळी दार लावण्याआधी इशारा द्या. दुसऱ्या मागणीबद्दल सांगितलं की तो राज्याचा कायदा आहे, आमच्या हातात नाही. बसबद्दल 'विचार करू' म्हणाले. इंग्रजीतला 'विचार करू' आणि मराठीतला 'बघू' यांचा अर्थ एकच असतो.

डिस्ट्रिक्ट मीटला मित्र आला होता. साध्या कपड्यांत, तिकीट काढून. कुंपणाला टेकून प्रत्येक लॅपचा वेळ ओरडून सांगत होता. त्याच्या जागी धावलेला नववीतला पोरगा शेवटच्या शंभर मीटरमध्ये पार गळून गेला, आपली मुलं पाचवी आली. पुढे जायला चौघांनाच जागा. आमचा गाडीत एक शब्द बोलला नाही. घराजवळ आल्यावर म्हणाला, 'माझे दोन मार्क कमी होते, आई.'

आठवड्याभराने मित्राला परवानगी मिळाली, अल्जिब्रात ७४. तोवर हंगाम संपला होता.

मंगळवार-गुरुवार आता मी त्याला सकाळी घेते. वडिलांना फोन करून विचारलं, त्यांचं इंग्रजी आणि माझं स्पॅनिश दोन्ही सारखंच, पण जमलं. सहा चाळीसला तो कोपऱ्यावर उभा असतो, 'गुड मॉर्निंग, मॅम' म्हणतो आणि मागच्या सीटवर बसून उपमा खातो. आमच्या चिरंजीवांनाही उठवून सोबत नेते, फिजिक्सचं ट्यूटोरियल त्याच वेळी असतं, हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. त्याच रस्त्यावरून, त्याच वेळी कोणाला गाडी काढता येत असेल तर मला मेसेज करा. अल्जिब्राच्या वर्गात अजून दोन मुलं आहेत.