‘सरकार शेवटी नियमित करतंच’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

जुळे सोलापूरकर, नमस्कार.

गुंतवणूक म्हणून गुंठा घेऊ नका, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: ‘उगाच घाबरवू नका. सरकार शेवटी सगळं नियमित करतंच. कायदा बघत बसले ते बसले, सोरेगावला गुंठे घेतले ते कमावले. आणि रेडी रेकनर वाढला म्हणजे आपलीच किंमत वाढली की!’

नियमित करतं, मान्य. पण कधी? गुंठेवारीचा, म्हणजे परवानगीशिवाय पाडलेले प्लॉट नियमित करण्याचा, कायदा २००१चा, त्यात बसायची मुदत १ जानेवारी २००१. ती ३१ डिसेंबर २०२०पर्यंत पुढे सरकली २०२१च्या दुरुस्तीने. म्हणजे २००२ साली गुंठा घेतलेला माणूस जवळपास वीस वर्षं लटकला. २०२१च्याच जुलैत नोंदणी विभागाचं परिपत्रक निघालं आणि एक-दोन गुंठ्यांचे दस्त अडले. मे २०२२मध्ये औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं. तुकडेबंदी (जमिनीचे ठरलेल्या आकारापेक्षा छोटे तुकडे विकायला बंदी) मोडलेले व्यवहार नियमित करण्याचं शुल्क आधी बाजारभावाच्या २५ टक्के होतं, मग ५ झालं आणि २०२५च्या अखेरीस माफ! ज्याने मुकाट्याने भरलं त्याचं काय, हे कोणी विचारत नाही.

घर बांधून राहणाऱ्याला ही वीस वर्षं निभावता येतात. त्याला नळ आला, रस्ता झाला की पुरे. गुंतवणूकदाराचं तसं नाही हो. मुलीच्या लग्नाला, आईच्या ऑपरेशनला पैसे लागले की त्याला त्याच महिन्यात विकता आलं पाहिजे. आणि गिऱ्हाईकाच्या हातात तो काय देणार? सातबाऱ्यावर दहा जणांची सामाईक नावं, पोटहिस्सा (प्रत्येकाचा वेगळा तुकडा) पडलेला नाही, मोजणी नाही, हद्द म्हणजे जागेवर मारलेली चुन्याची रेघ. अशा जागेवर बँक कर्ज देत नाही. मग उरतो रोकडवाला, आणि तो तुमची गरज ओळखूनच भाव पाडतो.

आता रेडी रेकनर, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला जागेचा दर. १ एप्रिल २०२५ला राज्यातल्या महापालिकांमध्ये सर्वाधिक वाढ आपल्याच सोलापुरात झाली, १०.१७ टक्के. पण तो सरकारी दर, गिऱ्हाईकाचा नव्हे. समजा रेकनरने जागा २४ लाखांची आणि सौदा खरोखर २० लाखांत ठरला. मुद्रांक शुल्क २४वर लागणार. फरक १० टक्क्यांच्या वर, म्हणून आयकरात तुमचा भांडवली नफाही २४ धरूनच मोजणार. वर घेणाऱ्याच्या उत्पन्नात ४ लाख मिळवले जातील. न मिळालेल्या पैशावर दोघांनीही कर भरायचा, याला किंमत वाढणं म्हणायचं?

‘मग सामान्य माणसाने घ्यायचं तरी काय?’ हा तुमचा प्रश्न मात्र रास्त आहे. मंजूर ले-आउटमधला एनए (बिगरशेती) प्लॉट घ्यावा, ले-आउटची एकूण जागा ५०० चौरस मीटरच्या वरची असेल तर महारेरा (गृहप्रकल्पांवरचं राज्याचं नियामक प्राधिकरण) नंबर बघून. गुंठ्यापेक्षा महाग पडतो, छोटा घ्यावा लागतो. तरी मी तोच सांगेन.

आणि तुमचे स्वतःचे गुंठे: दस्त १५ ऑक्टोबर २०२४च्या आधीचा असेल, तर वर सांगितलेल्या शुल्कमाफीत बसतो का हे तलाठ्याकडे आत्ताच विचारा. सातबाऱ्यावर हिस्सा वेगळा लागेपर्यंत कोणाकडून बयाणा घेऊ नका.