पोस्टाने खेळलेल्या बुद्धिबळाला टाइमपास म्हणू नका

एक फॉरवर्ड बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. त्यात म्हटलंय की पोस्टाने बुद्धिबळ खेळायची पद्धत फ्रेंच लेखक व्होल्तेर आणि प्रशियाचा राजा फ्रेडरिक यांनी सुरू केली, तो रिकामटेकड्यांचा उद्योग होता, एक चाल पाठवायची आणि महिनाभर झोपायचं, घरी पुस्तकं उघडून खेळायचं म्हणजे सरळ चीटिंग, खऱ्या बुद्धिबळाला त्यातून काही मिळालं नाही आणि कॉम्प्युटर आल्यावर तो प्रकार मेला. यातलं जवळजवळ काहीच धड नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

व्होल्तेर आणि फ्रेडरिक यांचा पत्रव्यवहार भरपूर झाला हे खरं, पण त्यांनी पत्रातून खेळलेला एकही डाव कुणाला दाखवता आलेला नाही. आज हातात असलेले सगळ्यात जुने डाव 1804 चे, नेदरलँड्समधल्या हेगमध्ये असलेला लष्करी अधिकारी फॉन मोव्हियाँ आणि ब्रेडातला दुसरा एक अधिकारी यांच्यातले.

आता झोपायचा मुद्दा. खेळ हळू चालायचा, यात वादच नाही, दहावं पत्र-ऑलिंपियाड (देशांच्या संघांची पोस्टाने खेळली जाणारी स्पर्धा) 1987 ला सुरू होऊन 1995 ला संपलं आणि त्यात पूर्व जर्मनीला ब्राँझ मिळालं, तेव्हा तो देश नकाशावरून जाऊन पाच वर्षं झाली होती. पण हळू म्हणजे आळशी कसं काय? साधारण नियम असा की दहा चालींना तीस दिवस, पत्र वाटेत असतानाचा वेळ धरायचा नाही, आणि हिशोब पोस्टाच्या शिक्क्यावरून. कार्डावर आधी समोरच्याची चाल परत लिहायची, मग आपली, मग पत्र कधी मिळालं, उत्तर कधी टाकलं, किती दिवस वापरले. भाषेची अडचण नको म्हणून चाल आकड्यांत, राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे म्हणजे 5254 (पाचव्या उभ्या ओळीतल्या दुसऱ्या घरातून चौथ्या घरात), मग समोरचा रशियन असो की ब्राझीलचा, कार्ड वाचता येणारच. आणि लिहिताना आकडा चुकला पण चाल नियमात बसत असेल तर तीच धरली जायची, मागे घेणं नाही. पॉल केरेस एस्टोनियात शाळकरी वयात होता तेव्हा आसपास तोडीचं कुणी नव्हतं, म्हणून त्याने पोस्टाने खेळायला घेतलं, एका वेळी दीडशेच्या आसपास डाव चालू असायचे म्हणतात, आणि पुढे तो जगातल्या पहिल्या काही खेळाडूंत जाऊन बसला. ह्याला रिकामटेकडा म्हणणार का?

चीटिंगचं म्हणाल तर पुस्तकं बघायला नियमानेच परवानगी होती, दोघांनाही, उघडपणे. मनाई होती ती दुसऱ्या माणसाला चाल विचारायला. शहर विरुद्ध शहर सामने असायचे त्यात तर अख्खा क्लब मिळूनच चाल ठरवायचा.

आणि ‘काही मिळालं नाही’ हे वाक्य तर मला सगळ्यात जास्त लागलं. 1824 ते 1828 एडिनबरा विरुद्ध लंडन सामना झाला, मध्येच लंडनने पाठवलेली एक चाल मागे घ्यायला मागितली, एडिनबराने साफ नाही सांगितलं आणि सामना जिंकला, आज आपण स्कॉच गेम (डाव सुरू करायची एक ठरलेली पद्धत, पुढे येणारी नावंही तशीच) खेळतो त्याला ते नाव ह्या सामन्यामुळे मिळालं. 1834 मध्ये पॅरिसने लंडनला पहिल्याच चालीत ई-6 ने, म्हणजे राजासमोरचं प्यादं एकच घर पुढे टाकून, उत्तर दिलं, दोन्ही डाव जिंकले, तो फ्रेंच डिफेन्स. 1842 पासून पॅरिस विरुद्ध पेस्ट (आजच्या बुडापेस्टचा भाग), त्यातून हंगेरियन डिफेन्स. आपल्याकडेही 1828-29 ला मद्रास विरुद्ध हैदराबाद सामना झाला, मद्रासकडून खेळणाऱ्या गुलाम कासिमने जेम्स कॉक्रेनबरोबर 1829 मध्ये मुझिओ गॅम्बिटवर पुस्तकच काढलं.

ह्या सगळ्यात माझा आवडता डाव सोव्हिएत खेळाडू एस्त्रिन विरुद्ध बर्लिनर, पाचव्या पत्र-जागतिक स्पर्धेतला, जी 1965 ते 1968 चालली. टू नाइट्स डिफेन्स हा एस्त्रिनचा अभ्यासाचा विषय, आणि अमेरिकेच्या हान्स बर्लिनरने काळ्याने नेमका तोच खेळला. पाचव्या चालीला बी-5 प्यादं पुढे, पुढच्या चालीला घोडा डी-4 वर, आणि आठव्या चालीला वजीर थेट एच-4 वर. शेवट हत्तींच्या एंडगेममध्ये (पटावर थोड्याच सोंगट्या उरल्यावरचा टप्पा), बर्लिनर जिंकला. तीन मिनिटांच्या ब्लिट्झमध्ये, म्हणजे झटपट डावात, हे कुणाला सुचेल? त्यामागे काही महिन्यांचा घरचा अभ्यास होता, आणि तो करायला पोस्टाने वेळ दिला.

राहिला कॉम्प्युटर. हाच बर्लिनर पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठात कॉम्प्युटर सायंटिस्ट झाला, हायटेक नावाचं बुद्धिबळ खेळणारं मशीन त्याच्याच टीमचं. पोस्टकार्डांची जागा आता सर्व्हरने घेतलीय, आंतरराष्ट्रीय पत्र-बुद्धिबळ संघटनेचा स्वतःचा सर्व्हर 2004 पासून आहे, आणि तिथे इंजिन, म्हणजे चाली शोधून देणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम, वापरायला परवानगी आहे. त्यामुळे वरच्या पातळीवर बहुतेक डाव बरोबरीत सुटतात, ही अडचण खरीच आहे आणि खेळणारेही ती मान्य करतात. पण स्पर्धा चालू आहेत, 32 वी जागतिक फायनल 2022 मध्ये अमेरिकेच्या जॉन एडवर्ड्सने जिंकली. इंजिन तर समोरच्या प्रत्येकाकडेच होतं.