ॲस्टेरिक्स : मारामाऱ्या नंतर बघा, आधी नावं वाचा

ॲस्टेरिक्स हा फ्रेंच चित्रकथांचा नायक, सीझरच्या रोमन सैन्याला न जुमानणाऱ्या एका गावातला. पण ॲस्टेरिक्स म्हणजे जादूचा काढा पिऊन रोमन सैनिकांना हवेत उडवणारा बुटका मिशीवाला, एवढीच ओळख असेल तर अर्धंअधिक पुस्तक वाचायचंच राहिलंय. त्याची खरी ताकद काढ्यात नाही, भाषेत आहे. लेखक रने गोसिनी आणि चित्रकार आल्बेर उदेर्झो यांनी २९ ऑक्टोबर १९५९ रोजी 'पिलोत' साप्ताहिकाच्या पहिल्याच अंकात त्याला आणलं, तेही फ्रेंच शाळांतल्या 'आमचे पूर्वज गॉल' या घोकंपट्टीची टर उडवत. (गॉल म्हणजे रोमन काळात आजच्या फ्रान्समध्ये राहणारे लोक.) गंमत अशी की गोसिनी पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू घरातला, ब्वेनोस आयरेसमध्ये वाढलेला, आणि उदेर्झोचे आईवडील इटालियन. पूर्वजांचा सर्वांत लाडका गॉल घडवला तो स्थलांतरितांच्या मुलांनी!

इतिहास म्हणून वाचाल तर फसाल. ॲस्टेरिक्सचा धिप्पाड दोस्त ओबेलिक्स पाठीवर वाहतो ते मेन्हिर, म्हणजे उभे पाषाण, गॉल लोकांच्या कित्येक हजार वर्षं आधीचे. पुस्तकात गॉल लोक ताव मारतात त्या रानडुकरांचं म्हणाल, तर उत्खननात सापडणारी हाडं बहुतेक पाळीव डुकरांची. गोसिनीला हे ठाऊक नसेल असं समजू नका. त्याला शाळेच्या पुस्तकातल्या चित्राची थट्टा करायची होती.

आता नावांकडे या. गॉल माणसाचं नाव '-इक्स'ने संपतं, रोमन माणसाचं '-उस'ने. वेर्सेंजेतोरिक्स या खऱ्या गॉल सरदाराच्या नावाचं शेपूट उचलून गोसिनीने त्याला फ्रेंच वाक्प्रचार चिकटवले. गावच्या भाटाचं नाव आसुरांसतूरिक्स, म्हणजे 'सर्व जोखमींचा विमा'. पुढाऱ्याचं आब्रारकूरसिक्स; 'आ ब्रा राकूर्सी' म्हणजे एखाद्यावर तुटून पडणं. कुत्र्याचं इदेफिक्स, म्हणजे डोक्यात पक्की बसलेली एकच कल्पना.

अँथिया बेल आणि डेरेक हॉक्रिज यांनी इंग्रजी करताना शब्दार्थ सोडला आणि काम धरलं. भाट बेसूर गातो, म्हणून तो कॅकोफोनिक्स. इदेफिक्सचा डॉगमॅटिक्स झाला, त्यात हट्टही आला आणि कुत्राही आला. इथे भाषांतर मूळाच्या पुढे गेलंय, हे माझं ठाम मत.

मराठीत करायचं तर? कुत्र्याला 'एककल्लिक्स', पुढाऱ्याला 'तुटूनपडिक्स', भाटाला 'कर्णकर्कशिक्स'. नावं जमतील. अडचण फुग्यात येते. चित्र छापून ठरलेलं, संवादाचा फुगा वाढवता येत नाही. देवनागरीत वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार, त्यामुळे ओळीला उंची जास्त लागते. फ्रेंचच्या चार ओळी जिथे बसतात तिथे मराठीच्या तीनच नीट बसतात. मग अक्षर बारीक करायचं की वाक्य कापायचं? वाक्य कापावं. बारीक अक्षराने विनोद मरतो, कारण तो नजर टाकताक्षणी कळायला हवा.

सर्वांत अवघड प्रकरण १९६६च्या 'ॲस्टेरिक्स इन ब्रिटन'चं. त्यातले ब्रिटन लोक फ्रेंच बोलतात, पण इंग्रजी व्याकरणाने: विशेषण नामाच्या आधी लावतात (फ्रेंचमध्ये ते सहसा नंतर येतं) आणि हस्तांदोलनाला 'आपले हात हलवूया' म्हणतात. हेच इंग्रजीत कसं आणायचं? भाषांतरकारांनी जुन्या साहेबी थाटाची इंग्रजी वापरली. खरबूज खराब आहे का, या वादात एक ब्रिटन माणूस दुसऱ्याला 'ओल्ड फ्रूट' म्हणतो; साहेबी बोलीत त्याचा अर्थ 'मित्रा', शब्दशः 'जुनं फळ'. हे वाचून 'मला का नाही सुचलं' अशी हळहळ खुद्द गोसिनीला वाटली. मराठीत विशेषण मुळातच नामाच्या आधी येतं, त्यामुळे ती युक्ती इथे फुकट. त्याऐवजी 'हे काही सेन्स बनवत नाही' छापाचं मराठी त्यांच्या तोंडी घालावं. आपल्याकडे त्याचा साठा मुबलक आहे.

वारसा म्हणाल तर फ्रान्सने २६ नोव्हेंबर १९६५ रोजी सोडलेल्या पहिल्या उपग्रहाला ॲस्टेरिक्सचंच नाव आहे. (आभाळ डोक्यावर कोसळेल, एवढीच भीती असलेल्या गावाच्या माणसाला आभाळात पाठवलं!) पॅरिसच्या उत्तरेला १९८९ पासून त्याच्या नावाचं करमणूक-उद्यान चालू आहे. पण झोपाळे कुणालाही उभारता येतात. 'मॅन्शन्स ऑफ द गॉड्स'मध्ये गावाचा नायनाट करायला सीझर सैन्य नाही, इमारती पाठवतो. १९७१चं हे पुस्तक आज वाचलं तर कुठल्याही वाढत्या शहराच्या वेशीवर लागू पडतं.

सुरुवात करणाऱ्यांनी क्रम पाळावा. पहिली २४ पुस्तकं गोसिनीच्या संहितेची, तीच आधी. तो १९७७ मध्ये गेला. त्यानंतर उदेर्झोने एकट्याने लिहिलेल्यांत चित्रं तशीच देखणी, पण संवाद ढिले पडले. शेवटची काही तर सोडलीत तरी चालेल. २०१३ पासून नवी मंडळी आली आणि पुन्हा थोडी धार आली.

आणि वाचताना नावं मोठ्याने म्हणा. गावच्या काढा करणाऱ्या पुरोहिताचं इंग्रजी नाव घ्या: डोळ्यांना नुसतं 'गेटाफिक्स' दिसतं. कानाला 'गेट अ फिक्स', म्हणजे 'नशेचा डोस मिळव', ऐकू येतं, आणि मग काढा ढवळणारा तो पांढऱ्या दाढीचा म्हातारा तितकासा सोवळा वाटत नाही.