वेस्टगेटची दांडी आवळू नका : जुन्या टर्बो वॅगनविषयीच्या एका फिरत्या संदेशाला उत्तर

'जुनी टर्बो गाडी नव्यासारखी करा, खर्च शून्य' असा एक संदेश सध्या कोकणातल्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. त्यातले सल्ले थोडक्यात असे : वेस्टगेटची, म्हणजे टर्बोतला जादा वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेची, दांडी आवळली की घाटात पिकअप वाढते, पावसाळ्यापूर्वी गाडीच्या पोटाखाली जळके ऑइल फवारावे, जुन्या इंजिनात मिळेल तेवढे जाड ऑइल घालावे, कूलंटऐवजी विहिरीचे पाणी चालते, बंद करण्यापूर्वी इंजिन पाच मिनिटे सुरू ठेवावे, टायर रुंद बसवावेत. हा संदेश देवगडला माझ्या मामांपर्यंत पोहोचला. त्यांच्याकडे टर्बो डिझेलची इंडिगो मरीना आहे. २००४ मध्ये बाजारात आलेली ही स्टेशन वॅगन त्यांच्याकडे आजही हंगामात आंब्याच्या पेट्या घेऊन फोंडा घाटाने कोल्हापूरला जाते. दांडी आवळून घेण्यासाठी मामांनी गॅरेजवाल्याला सांगूनही ठेवले होते, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

पहिला सल्ला सर्वांत घातक आहे. टर्बोमध्ये एक्झॉस्टच्या गरम वायूने टर्बाइन नावाचे चाक फिरते आणि त्याच शाफ्टवरचे दुसरे चाक हवा दाबून इंजिनात ढकलते. हा दाब ठरलेल्या मर्यादेला पोहोचला की ॲक्चुएटर हा दाबावर चालणारा भाग दांडी सरकवून वेस्टगेटची झडप उघडतो आणि जादा वायू टर्बाइनला वगळून बाहेर जातो. दांडी आवळणे म्हणजे ही झडप उशिरा उघडायला लावणे. महागडी मॉडेले खपावीत म्हणून कंपन्या ही मर्यादा मुद्दाम कमी ठेवतात, असे संदेशात ठासून सांगितले आहे, आणि ते खोटे आहे. मर्सिडीझने आपल्या तीन लिटरच्या पाच सिलिंडर डिझेल इंजिनाला टर्बो जोडला आणि १९८० मध्ये ते इंजिन ३०० टीडी या स्टेशन वॅगनमध्ये दिले, तेव्हा नुसता टर्बो बसवून काम भागले नाही. पिस्टन थंड राहावेत म्हणून त्यांच्यावर खालून ऑइलची धार सोडण्याची सोय करावी लागली आणि आतले इतर भागही बळकट करावे लागले. दाब वाढवायचा तर आधी इंजिनाच्या आत काय करावे लागते, हे त्यावरून समजावे. बाहेरचा एक नट फिरवून यातले काहीही होत नाही.

शिवाय डिझेल सोडणारा पंप यांत्रिक असलेल्या जुन्या इंजिनात हवा वाढली तरी डिझेल तेवढेच जाते, त्यामुळे नुसत्या दांडीने ताकद फारशी वाढत नाही. मग कोणीतरी पंपाचा स्क्रूही फिरवतो, गाडी काळा धूर सोडू लागते आणि त्यालाच पिकअप समजले जाते. मागे पेट्या भरलेल्या, घाटाचा सलग चढ आणि एप्रिल-मेचे ऊन अशा वेळी एक्झॉस्टचे तापमान चढतच राहते आणि त्याची झळ पिस्टनला व हेड गॅस्केटला बसते. टर्बोचा शाफ्ट एरवीच मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो, तोही ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. मर्यादेपलीकडे फिरवल्यास बेअरिंग आणि सील झिजतात व ऑइल हवेच्या वाटेने इंजिनात शिरते. डिझेल इंजिन मग ते ऑइलच जाळत सुटते आणि चावी काढली तरी थांबत नाही, कारण चावीने फक्त डिझेल बंद होते. अशा वेळी वरचा गिअर टाकून, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडणे आणि इंजिन गुदमरवणे एवढाच उपाय चालकाच्या हाती उरतो. घाटाच्या वळणावर हा प्रसंग माझ्या मामांवर किंवा आणखी कोणावरही यावा, अशी माझी मुळीच इच्छा नाही.

चढावर गाडीला दम लागत असेल तर कारण बहुधा साधे असते. टर्बोपासून इंजिनापर्यंतचा रबरी होज चिरलेला असतो, त्याची क्लिप सैल असते, एअर फिल्टर किंवा डिझेल फिल्टर तुंबलेला असतो, किंवा खाऱ्या हवेने गंजून वेस्टगेटचा सांधाच अडकलेला असतो. झडप उघडी अडकली तर दाब तयार होत नाही आणि बंद अडकली तर तो आधीच धोक्याच्या वर गेलेला असतो. अशा सांध्याची दांडी तपासणी न करता आवळणे हा निव्वळ अविचार आहे.

जळक्या ऑइलबाबत एवढे मान्य करतो, की त्याचा थर पत्र्यावर असेपर्यंत पाणी थोडेफार दूर राहते. परंतु ते बुशिंग आणि होजचे रबर फुगवते, धूळ धरून ठेवते आणि पहिल्याच मोठ्या पावसात वाहून परसात, तिथून विहिरीकडे जाते. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांत वापरलेल्या ऑइलचा समावेश आहे, तो उगाच नव्हे. समुद्राकाठच्या गाडीला गोड्या पाण्याने खालून नियमित धुणे, दारांच्या तळाची निचऱ्याची भोके मोकळी ठेवणे आणि गंज खरवडून काढल्यावरच मेणयुक्त लेप देणे हेच मानवते. गंजावरच जाड लेप चढवला तर ओल आत कोंडते आणि पत्रा आतून खाल्ला जातो.

ऑइलचा दर्जा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला असतो, तोच पाळावा. अवाजवी जाड ऑइल सकाळी सुरू करताना टर्बोपर्यंत उशिरा पोहोचते. विहिरीच्या पाण्यात गंजरोधक नसतो आणि त्याचा उत्कलनबिंदूही कूलंटइतका वर नसतो, त्यामुळे तो सल्ला चर्चेच्याही लायकीचा नाही. इंजिन सुरू ठेवण्याच्या सल्ल्यात मात्र तथ्य आहे, हे नाइलाजाने का होईना कबूल करावे लागते. घाट चढून लगेच इंजिन बंद केले तर तापलेल्या बेअरिंगमधले ऑइल जळून त्याचा कोळसा बसतो. मात्र त्यासाठी एखादे मिनिट पुरते, आणि शेवटचा टप्पा हळू चालवला असेल तर तेही लागत नाही. बाजारातून घरी आल्यावर पाच मिनिटे धूर काढत बसण्यात काही अर्थ नाही.

रुंद टायर पावसात जास्त पकडतात हेही उलटे आहे. साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो. सुधारणेवर पैसे घालायचेच असतील तर ते मागचे शॉक ॲब्सॉर्बर, ब्रेक, नवे होज आणि टायमिंग बेल्ट यांवर घालावेत. बेल्ट किलोमीटर झाले नसले तरी वयानेही बदलावा लागतो, कारण तो तुटला की बहुतेक डिझेल इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचावेत : पहिले दोन उत्पादनाचा आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. मामांच्या गाडीचे हे काम पेट्या भरायला सुरुवात होण्यापूर्वी व्हायला हवे, आणि गॅरेजवाल्याला दांडीला हात न लावण्याचा निरोप मी दिला आहे.